रजेच्या अर्जात आजाराचे नाव कशाला?

वस्तीतला कामावर जाणारा माणूस आजारी पडला की त्याच्यापुढे दोन काळज्या उभ्या राहतात. पहिली आजाराची. दुसरी, साहेबाला काय सांगू याची. पुष्कळदा दुसरी काळजी पहिलीपेक्षा मोठी असते. ताप उतरतो, पण सुपरवायझरच्या फोनची धास्ती उतरत नाही. फोनवर प्रश्न ठरलेले असतात. "नेमकं झालंय काय? कुठला डॉक्टर? रिपोर्ट पाठव. ग्रुपवर टाक." आणि आपला माणूस अंगात ताप असताना अंथरुणात बसून रिपोर्टचा फोटो काढतो आणि कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. त्या ग्रुपवर पन्नास जण असतात. संध्याकाळी कंपनीच्या गेटवरच्या टपरीवर त्याचा आजार चहाबरोबर वाटला जातो.

हे थांबले पाहिजे असे आमचे मत आहे. ते मालक थांबवेल याची वाट बघत बसण्यापेक्षा आपण आपल्या बाजूने थांबवायला शिकले पाहिजे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कामगार रजा मागतो तेव्हा मालकाला तीन गोष्टी कळायला हव्यात. माणूस किती दिवस येणार नाही, डॉक्टरने खरोखर विश्रांती सांगितली आहे का, आणि परत आल्यावर तो त्याचे काम करू शकेल का. या तीन गोष्टींवर मालकाचे काम चालते, बदली माणूस ठरतो, पगारपत्रक निघते. रोगाचे नाव ही चौथी गोष्ट आहे. तिच्यावाचून मालकाचे काहीही अडत नाही. ती कळल्याने मात्र आपले पुष्कळ काही अडू शकते.

रजा ही मेहरबानी नाही

आपली माणसे रजा मागताना इतकी का वाकतात, याचे मूळ जुने आहे. वतनदार महाराला रात्र नव्हती, सण नव्हता, आजारपणही नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट सरकारच्या तोंडावर सांगितली होती. नेमलेला महार हजर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला जुंपले जाते, अशी ती तक्रार होती. म्हणजे माणूस तापाने फणफणत असला तरी राबणूक थांबत नव्हती. ती घरातल्या दुसऱ्याच्या मानगुटीवर जाऊन बसत होती. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

त्याच बाबासाहेबांनी १९२८ मध्येच बाळंतपणाच्या काळात कामगार बाईला पैसे मिळावेत म्हणून आणलेल्या विधेयकाच्या बाजूने कौन्सिलात भाषण केले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळातच, १९४४ साली, कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. आज आपण ज्याला ईएसआय म्हणतो ते हेच.

हा इतिहास अशासाठी सांगितला की आजारपणाची रजा म्हणजे मालकाने टाकलेला तुकडा नव्हे. ती लढून मिळालेली आहे. हक्क मागताना माणसाने कारण द्यावे, दाखला द्यावा, पण सदरा वर करून पोट दाखवायची गरज नाही.

नाव कळले की काय होते

"आजार सांगितला तर बिघडले कुठे? उलट साहेबाला दया येईल," असे पुष्कळांना वाटते. कधी कधी दया येतेही. ती किती दिवस टिकते हा प्रश्न आहे.

टीबीचे घ्या. मुंबईतल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत, उजेड आणि वारा नसलेल्या खोल्यांत हा आजार घरोघर येऊन गेलेला आहे. तो पूर्ण बरा होतो. साध्या टीबीला साधारण सहा महिन्यांची औषधे लागतात, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. पण कामाच्या ठिकाणी 'टीबी' हा शब्द एकदा पोचला की पहिली गोष्ट काय होते? चहाचा कप वेगळा होतो. टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून पसरतो. कपातून, ताटातून, हात मिळवल्याने पसरत नाही. तरी कप वेगळा होतो. आपल्या आजोबा-पणजोबांना हा वेगळा कप चांगला ओळखीचा होता. तेव्हा कारण जात होती, आता कारण जंतू आहे असे सांगतात. पण तोच कप, तोच कोपरा. माणूस सहा महिन्यांनी ठणठणीत बरा होतो, कप मात्र पुन्हा एकत्र येत नाही.

विदर्भातल्या आपल्या घरांना सिकलसेल सांगायला नको. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. यात दोन प्रकारची माणसे असतात. आईकडून किंवा वडिलांकडून, एकाच बाजूने दोष आलेला, तो वाहक. त्याला 'एएस' म्हणतात, आणि तो रोजच्या जगण्यात इतरांसारखाच धडधाकट असतो. दोन्ही बाजूंनी दोष आलेला, तो 'एसएस'. त्याला अधूनमधून हाडासांध्यांत असह्य कळा येतात, रक्त कमी होते, दवाखान्यात भरती व्हावे लागते. मालकाला हा फरक माहीत नसतो आणि तो समजून घ्यायची त्याला गरजही वाटत नाही. त्याच्या कानावर 'सिकलसेल' पडले की वाहकाचे नावही 'सारखा आजारी पडणारा' या यादीत जाते. पुढच्या वेळी कायम करायची वेळ येते तेव्हा दुसऱ्याचे नाव पुढे सरकते. कारण कुणी कागदावर लिहीत नाही. म्हणून त्याविरुद्ध भांडताही येत नाही.

बायांचे तर बोलायलाच नको. पिशवीचा त्रास, अंगावरून जाणे, गर्भपात, कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन. हे सगळे पुरुष सुपरवायझरला फोनवर सांगायचे आणि त्याने ते मोठ्याने परत उच्चारायचे. घरकाम करणाऱ्या आमच्या बहिणींना मॅडम विचारतात, "काय गं, काय झालं?" विचारण्यात मायाही असेल. पण त्या मॅडम शेजारच्या मॅडमना सांगतात, आणि एका इमारतीतली चार कामे एकदम जातात.

आणि यात जातीचा पदर असतोच. दुसऱ्या कुणाला कावीळ झाली तर ती पाण्यामुळे होते. आपल्या माणसाला झाली तर 'पीत असेल' असे आपोआप ठरते. दुसऱ्याला टीबी झाला तर बिचारा. आपल्याला झाला तर 'त्यांच्या वस्तीत असतंच'. आजार एका माणसाचा असतो, पण त्याचा शिक्का साऱ्या वस्तीवर बसतो. म्हणून आम्ही म्हणतो, आजाराची माहिती ही आपली मालमत्ता आहे. ती कुणाला द्यायची ते आपण ठरवायचे.

मग हे खोटे बोलणे नव्हे का?

हा प्रश्न आम्हाला विहारात अनेकदा विचारला जातो, आणि विचारणारे प्रामाणिक असतात. आपण दर रविवारी पंचशील घेतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. मग मालकापासून आजार लपवणे शीलात बसते का?

आमचे उत्तर असे की न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. जिवंत आजी मेली म्हणून सांगणे खोटे आहे. डॉक्टरला दोनशे रुपये देऊन न झालेल्या तापाचा दाखला आणणे खोटे आहे. टीबी असताना 'मलेरिया झाला' म्हणणेही खोटेच. पण "माझी तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली आहे, बाकी माझी खासगी गोष्ट आहे" यात एक अक्षरही खोटे नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या घाणीत पडलेला असतो आणि कुणी त्याच्याकडे बघत नसते. भगवान बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात. रुग्णसेवेचा हा प्रसंग आपण धम्मप्रवचनात ऐकलेला असतो. पण त्याच ठिकाणी पुढे, कुठल्या रुग्णाची सेवा करणे सोपे जाते, तेही सांगितले आहे. त्यातला एक गुण असा की तो रुग्ण आपला आजार आहे तसा, वाढला तर वाढला, कमी झाला तर कमी झाला, असा खरा सांगतो. कुणाला सांगतो? त्याचे हित चिंतणाऱ्या, त्याची सेवा करणाऱ्या माणसाला.

आम्हाला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. आजाराचे पूर्ण सत्य सांगायचे ते आपले हित बघणाऱ्याला. डॉक्टरपासून काही लपवू नका. दारू पीत असाल तर डॉक्टरला सांगा, औषध मध्येच सोडले असेल तर सांगा, बाहेरचा संबंध आला असेल तर तेही सांगा. घरात सेवा करणाऱ्याला सांगा. तिथे लपवाल तर जीव जाईल. पण जो आपली सेवा करणार नाही, आपल्याला औषध देणार नाही, फक्त हजेरीपत्रकावर खाडा मांडणार आहे, त्याला ते सत्य सांगण्याचे बंधन कुठल्याही शिलाने घातलेले नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच तरुण कार्यकर्त्यांचा आहे. ते म्हणतात, "लपवत राहिलो तर कलंक जाणार कसा? छाती पुढे करून सांगितलं पाहिजे." यात खरेपण आहे. टीबीतून उठलेला माणूस विहारात उभा राहून बोलला तर दहा जण तपासणीला जातात, हे आम्ही पाहिले आहे. पण तो स्वतःहून बोलतो, आपल्या माणसांत बोलतो आणि बरा झाल्यावर बोलतो. मुकादमाने फोनवर काढून घेतलेली माहिती आणि आपण होऊन उच्चारलेला शब्द, या दोन गोष्टी एक नाहीत. समाजाचा कलंक धुण्याचे ओझे ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या, पुढच्या महिन्याच्या भाड्याची सोय नसलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही.

कायदा कुठे उभा आहे

खासगीपणा हा संविधानाच्या २१ व्या कलमाखाली मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्याच्या वीस वर्षे आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयासमोर एका रोजंदारी कामगाराचा खटला आला होता. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून एका सरकारी महामंडळाने त्याचे काम काढून घेतले होते. माणूस काम करायला समर्थ असेल आणि त्याच्यापासून कामाच्या जागी इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला काम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. आणि त्याचे खरे नाव कागदावर येऊ दिले नाही. तो खटला आजही 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' अशाच अक्षरांनी ओळखला जातो. एका रोजंदारी कामगाराची अब्रू न्यायालयाने अशी जपली.

पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करता येत नाही. न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज कुणालाही आपली एचआयव्हीची स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. मानसिक आजाराच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गर्भपात झालेल्या बाईचे नाव आणि तपशील डॉक्टरने अधिकार नसलेल्या माणसाला सांगितले, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि सर्वच डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेने बांधले आहे. रुग्णाचे गुपित न्यायालयाचा आदेश, दुसऱ्याला असलेला गंभीर धोका किंवा सरकारला कळवायचा आजार, अशी कारणे सोडून बाहेर काढता येत नाही.

सरकारला कळवायचा आजार म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यावे. टीबीचा रुग्ण सापडला की त्याची नोंद आरोग्य खात्याकडे करणे २०१२ पासून डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती नोंद औषधासाठी आणि घरातल्या इतरांच्या तपासणीसाठी असते. पोषण आहाराचे महिन्याचे १,००० रुपयेही त्या नोंदीवरच खात्यात जमा होतात. म्हणून तिला घाबरू नका. ती नोंद आरोग्य खात्यासाठी आहे, मालकासाठी नाही.

आता अडचणीची बाजूही सांगितली पाहिजे. दाखला मागण्याचा हक्क मालकाला आहे, आणि पुष्कळ ठिकाणच्या सेवाशर्तींत तसे लिहिलेले असते. सरकारी नोकरीतल्या रजेच्या छापील दाखल्यात आजार लिहायची रिकामी जागा असते. तिथे आजार लिहावा लागतो. अशा वेळी दाखला आस्थापना शाखेत बंद पाकिटात द्यावा, वर 'गोपनीय' लिहावे आणि पोच घ्यावी. खासगी नोकरीत मात्र दाखला मागणे म्हणजे सगळी फाईल मागणे नव्हे. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी हे तुमच्या उपचाराचे कागद आहेत, रजेचे नाहीत.

प्रत्यक्षात काय करावे

डॉक्टरकडे गेल्यावर रजेचा दाखला वेगळ्या कागदावर मागा. "डॉक्टर, दाखल्यात आजाराचं नाव घालू नका, वैद्यकीय कारणासाठी विश्रांतीची गरज आहे एवढंच लिहा," असे स्पष्ट म्हणा. बरेच डॉक्टर लिहून देतात. आपण मागत नाही म्हणून ते सवयीने आजाराचे नाव लिहितात.

कागदाचे शीर्षक आणि शिक्का बघा. आजाराचे नाव नसले तरी 'क्षयरोग विभाग', 'एआरटी केंद्र', 'मनोविकार विभाग' असा शिक्का असेल तर सगळे उघड होते. शक्य असेल तिथे फॅमिली डॉक्टरला मूळ कागद दाखवून त्यांच्याकडून, त्यांनी स्वतः तपासून, साधा दाखला घ्यावा.

दाखला ग्रुपवर टाकू नका. ज्याच्याकडे रजा मंजूर करायचे काम आहे त्या एकाच माणसाला द्या. स्वतःजवळ झेरॉक्स ठेवा आणि त्यावर पोच घ्या. फोनवर पाठवायची वेळ आलीच तर त्याच्या वैयक्तिक नंबरवर पाठवा. कंपनीने मेडिक्लेम काढला असेल तर क्लेमचे कागद थेट विमा कंपनीकडे देता येतात का, ते आधी विचारा.

अर्ज असा लिहावा. कापून ठेवला तरी चालेल.

"मा. व्यवस्थापक यांस,
विषय : आजारपणाची रजा मिळणेबाबत.
महोदय, माझी प्रकृती ठीक नसल्याने डॉक्टरांनी मला दि. ___ ते दि. ___ असे ___ दिवस विश्रांती घेण्यास सांगितले आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दि. ___ रोजी मी कामावर हजर होईन. उपचाराचा तपशील वैयक्तिक असल्याने तो गोपनीय ठेवावा, ही विनंती.
आपला/आपली, ___"

एवढे पुरते. फोनवर खोदून विचारले तर भांडू नका, चिडू नका. एकच वाक्य धरून ठेवा. "साहेब, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, दाखला देतो. बाकी घरगुती आहे." तीनदा विचारले तर तीनदा हेच म्हणा. जास्त बोललात की एकेक शब्द पकडून प्रश्न वाढत जातात.

घरकाम करणाऱ्या ताईंना दाखला कुणी मागत नाही, पण तोंडी चौकशी खूप होते. तिथेही "ताई, तब्येत बरी नाही, चार दिवस येणार नाही, सोमवारपासून येते" एवढेच सांगावे. दिवस आधी सांगितले आणि सांगितलेल्या दिवशी हजर झालो, तर विश्वास टिकतो. न कळवता गैरहजर राहिल्याने तो जितका जातो, तितका आजाराचे नाव न सांगितल्याने जात नाही.

सिकलसेल, मधुमेह, फिट यांसारखा कायमचा आजार असेल तर वेगळी युक्ती वापरावी. आजाराचे नाव न सांगता काय जमते आणि काय जमत नाही ते सांगावे. "मला मधून मधून पाणी प्यावे लागते," "फार थंडीत रात्रपाळी जमत नाही," "अतिजड ओझे उचलू नये असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे." सिकलसेलच्या माणसाला पाणी कमी पडणे, थंडी आणि अतिश्रम यांनी कळा उठतात, म्हणून एवढे मागणे पुरते.

सांगावे लागते ते कधी

आमचा आग्रह म्हणजे सरसकट तोंड बंद ठेवा असा नाही. काही वेळा सांगण्यातच फायदा असतो, काही वेळा सांगणे कर्तव्य असते.

ईएसआयचा लाभ घ्यायचा असेल तर त्यांच्या डॉक्टरला सगळे सांगावेच लागते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकाला, वर्गणीचे दिवस भरले असतील तर, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारांना जादा मुदतीची सोय आहे. हे पैसे मालक देत नाही, महामंडळ देते, म्हणून कागद महामंडळाकडे जातात. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

काम करताना जखम झाली किंवा कामामुळे आजार जडला, उदाहरणार्थ दगडखाणीतली धूळ, गटारातला वायू, रसायन, तर गप्प बसू नका. ते लेखी सांगा, तारीख-वेळ टाकून सांगा. तिथे गुप्तता मालकाच्या फायद्याची असते, भरपाई आपली बुडते. प्रसूती लाभाच्या तरतुदींत गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांची पगारी रजा आहे. ती हवी असेल तर पुरावा द्यावा लागतो. सहा आठवड्यांची पगारी रजा घ्यायची की कारण झाकून चार दिवसांत परतायचे, हा निर्णय त्या बाईचा. आम्ही एवढेच म्हणू की निर्णय घेण्यापूर्वी तिला दोन्ही बाजू माहीत हव्यात. सिकलसेल हा दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत मोडतो. त्याखाली काही सवलत मागायची तर प्रमाणपत्र दाखवावे लागेल.

आणि दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे लपवू नये. गाडी चालवणाऱ्याला फिट येत असतील तर त्याने डॉक्टरचा सल्ला घेऊन ते काम बदलून मागितले पाहिजे. थुंकीत टीबीचे जंतू असलेल्या माणसाने, डॉक्टर हो म्हणेपर्यंत कामावर जाऊ नये. आपला खासगीपणा जपताना शेजारी काम करणाऱ्याचे फुप्फुस धोक्यात घालायचे नाही. तेवढी करुणा आपल्या धम्मात आहे.

आपल्या घरातली गळती

शेवटी आपल्याबद्दल. कितीतरी वेळा मालकापर्यंत बातमी दाखल्यातून जात नाही, आपल्याच वस्तीतून जाते. एकाच ठेकेदाराकडे एका गल्लीतली दहा माणसे असतात. दवाखान्याच्या रांगेत कुणी दिसले की नळावर चर्चा होते, आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाला कळलेले असते. डॉट्सची औषधे घेणाऱ्याकडे बोट दाखवणारे हात आपलेच असतात. शेजारच्या माणसाचा आजार चघळणे थांबवल्याशिवाय मालकाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून प्रत्येक विहाराने आणि महिला मंडळाने तीन कामे हाती घ्यावीत असे आम्ही सुचवतो. रजेच्या अर्जाचा नमुना विहाराच्या फळ्यावर लावावा. एचआयव्हीसाठी १०९७, टीबीसाठी १८००-११-६६६६ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे फोन नंबर त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहावेत. आणि मंडळातल्या दोन विश्वासू, लिहिता-वाचता येणाऱ्या व्यक्ती ठरवाव्यात. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याला त्यांनी तो लिहून द्यावा, गरज पडली तर त्याच्याबरोबर ऑफिसपर्यंत जावे. आजार कोणता, हे त्यांनीही विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकावे आणि पोटात ठेवावे.

जय भीम.